तक्रार करणारीचं नाव

तळोजा, ता. पनवेल
१२ जानेवारी २०२५

ति. गोदूताई,

पाया पडते. इकडे सगळे बरे आहेत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिते. तुमच्याकडचं विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी विचारते. भावोजींचा गुडघा कसा आहे? लग्नासाठी जागृतीची रजा मंजूर झाली का?

पत्रिका मिळाली. पोस्टमन आला तेव्हा हे ओटीवरच होते. पाकीट फोडलं, जागृतीचं नाव वाचलं आणि पत्रिका टीव्हीच्या मागे उभी करून ठेवली. ताई, भाचीच्या लग्नाची पत्रिका मामाला पोस्टाने येते का कधी? आधी देव, मग मामाचं घर, हे मी ह्या घरात नवी आले तेव्हा तुम्हीच मला सांगितलं होतंत. पण मी रुसून लिहीत नाही. तुमच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर जे झालं, त्यानंतर पत्रिका आली हेच पुष्कळ.

फोन केला तर तुमच्याकडे रिंगच जात नाही. म्हणजे माझा नंबर बंद केलाय, ते समजलं. आणि फोनवर मला मोकळं बोलताही येत नाही. हे हल्ली माझा फोन बघतात. चोरून नव्हे, समोर बसून. "दे जरा" म्हणतात, कुणाचे फोन आले ते बघतात आणि परत देतात. म्हणून वर पत्ता घरचा असला तरी पनवेलला साड्यांच्या दुकानात, कामावर बसून लिहितेय. दुपारी गिऱ्हाईक नसतं आणि मालकीण हेतलबेन जेवायला घरी जातात.

तुम्हांला सगळं तोंडातोंडी कळलं असणार. आमच्याकडून काहीच कळलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

ह्यांची मिल बंद झाली तिथपर्यंत तुम्हांला माहीत आहे. सळ्या करायची मिल, कोळशाची भट्टी. लग्नाच्या आधीपासून हे त्या भट्टीवर. शेठचा माल बाहेरच्या देशांत जायचा. तिकडचे लोक आता विचारतात म्हणे, की ही सळी करताना कोळसा किती जाळला, धूर किती सोडला, ते लिहून द्या, त्यावर कर लागेल. शेठने भट्टी गॅसवर न्यायचा विचार केला आणि सोडून दिला. मिल पाडून तिथे गोदाम उभं केलं. हे घरी येऊन म्हणाले, "धुराचा इशोब करतात, आमचा कोन करनार?" मग कित्येक दिवस नुसते ओटीवर बसून असत. भट्टीवरच्या माणसाला गार जागी बसणं जमत नाही, ताई. उन्हात खुर्ची ओढून बसायचे.

पुढे एक दिवस म्हणाले, केतनशेठकडे काम लागलं, गोडाऊनवर सुपरवायझर. मी देवापुढे साखर ठेवली.

पहिला संशय मला साबणाने आला. मिलमधून हे काळे होऊन यायचे आणि मोरी धुऊन मी थकायची. आता घरी यायचे ते आंघोळ करूनच. केस ओले, अंगाला लिंबाच्या साबणाचा उग्र वास, कपडे दुसरे. कामाचे कपडे धुवायला घरी येईनात. गोडाऊनवरचा माणूस आंघोळ करून का येईल? माझ्या वयाच्या बाईच्या मनात जे येतं तेच आलं. खोटं कशाला सांगू, तुमच्यावरही संशय आला. गणपतीत तुम्ही आणि हे मागच्या दारी हळू बोलत होतात आणि मी आल्यावर गप्प झालात. मला वाटलं, बहिणीला ठाऊक आहे, बायकोला नाही.

मग मी एक केलं. सकाळी ह्यांच्या पिशवीतला डबा काढून ठेवला, आणि विसरलात असं निमित्त करून मागे गेले. आनंदाकाकांची खाडीलगतच्या खाजणाकडची जागा तुम्हांला आठवत असेल, लहानपणी तुम्ही तिथे चिंबोऱ्या धरायला जायचात. तिथे आता पत्र्याची शेड आहे. पुढून गेट बंद, म्हणून मी मागच्या बाजूने गेले. जुन्या टायरांचा डोंगर. आत खोलीएवढी लोखंडी टाकी आडवी पडलेली, खाली आग, आगीत लाकडं आणि टायरच. टायर उकळवून तेल काढतात, ताई. ते तेल दुसऱ्या भट्ट्यांना जाळायला जातं. उरलेली काळी भुकटी गोण्यांत भरतात. शेडच्या मागून एक नाली निघते, तिच्यावर फळ्या टाकलेल्या, आणि ती सरळ खाजणाच्या पाण्यात जाते. हे टाकीपाशी उभे होते. भुवयांवर भुकटी बसलेली. मी हाक मारीपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही त्यांना ओळखलं नव्हतं.

त्यांनी डबा घेतला. "हितं परत येऊ नको," एवढंच म्हणाले.

दुसरी बाई असती तर मी भांडले असते. टायरांशी काय भांडणार? तरी संध्याकाळी विषय काढला, हे काम सोडा म्हटलं. रात्रभर खोकता, थुंकी काळी पडते. तर म्हणाले, "आपल्या घराच्या स्लॅबमदली सली कुठशी आली? धूर केल्याबिगर आली काय?"

दिवाळी झाली आणि सरकारी गाड्या आल्या. शेडला सील लागलं. केतनशेठ त्या दिवशी आलाच नव्हता, ह्यांना मात्र पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. तेव्हापासून गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघतंय. नव्या टॉवरांत राहायला आलेल्यांनी तक्रार केली असती तर कुणाला काही वाटलं नसतं, वासाची तक्रार ते रोज करतात. पण आलेली माणसं गेटाशी थांबलीच नाहीत. सरळ मागे गेली आणि फळ्या उचलल्या. म्हणजे कुणीतरी आतलंच, असं आनंदाकाका म्हणतात. त्यांचं भाडं गेलं. देवळासमोर सगळ्यांदेखत ते म्हणाले, "नाव काढल्याबिगर मी रहानार नाय." त्या दिवसापासून नळावर बायका पाण्याबद्दल बोलतात, दुसरं काही नाही. कोण कुणाच्या घरी किती वेळ बसलं ते बघितलं जातं.

भावोजी गणपतीत आमच्याकडे जेवताना म्हणाले होते, "ह्या वासाची तकरार कराला पायजे." सगळ्यांनी ऐकलं होतं. आनंदाकाकाही पंगतीत होते. भावोजी असे अर्ज करणारे आहेत हेही सगळ्यांना ठाऊक. पुढे हे मोऱ्याला आले आणि लाँचमधून माणसं उतरत असताना भावोजींना काय काय बोलले, ते मला तुमच्या गावच्या माणसाकडून कळलं. घरी येऊन ह्यांनी एवढंच सांगितलं, "संपला तो संबंध."

भावोजींनी तक्रार केली असं मी म्हणत नाही. पण तुम्ही दोघं कुणाजवळ सहज काही बोलला होतात का? शेडचं, फळ्यांचं? तेवढं कळवा. जागृतीच्या हळदीला मामा नसला तर लोक काय म्हणतील ते तुम्हांला मी सांगायला नको.

दुकानाच्या पत्त्यावर लिहा. घरी नको.

तुमची,
मनिषा


पनवेल, दुकानातून
२४ जानेवारी २०२५

ति. गोदूताई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक प्रश्नच. "वैनी, गाड्या आल्या त्याच्या आदल्या हप्त्यात बुधवारी मी तुज्या दुकानात फोन केला व्हता. हेतलबेन बोलली, तू डाक्टरकं गेलीस. कंच्या डाक्टरकं?"

दाताच्या, असं मी लिहिलं. डॉक्टरचं नावही लिहिलं. मग तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं की तुम्ही मला असं विचारूच कसं शकता. तोही फाडला. तुम्ही मला ह्या घरात आल्यापासून बघताय. माझा खोटेपणा तुम्हांला अक्षरावरून कळेल.

आधी रामूचं सांगते. मग डॉक्टरचं.

रामू शेडवर कामाला होता. उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा, बायकोमुलं गावी. ह्यांच्या हाताखाली टाकी भरायचा आणि रिकामी करायचा. टाकी गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं, आत पेट घेणारा वायू राहतो. त्या दिवशी टायरांची दुसरी गाडी येऊन उभी होती आणि केतनशेठ फोनवर घाई करत होता. ह्यांनी रामूला झाकण उघडायला सांगितलं. हे मला कुणी दुसऱ्याने सांगितलेलं नाही. ह्यांनीच सांगितलं, रिक्षात, रामू आमच्या दोघांच्या मध्ये बसलेला असताना. त्याचे दोन्ही हात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले होते. मानेची कातडी मी बघितली नाही. बघवली नाही.

मला कशाला बोलावलं होतं ते हॉस्पिटलच्या दारात कळलं. केतनशेठने सांगितलं होतं, घरी स्टोव्हचा भडका उडाला असं सांगा, बाई बरोबर असली की विचारत नाहीत. आत डॉक्टरीण बाईंनी विचारलं, कसं झालं? हे माझ्याकडे बघू लागले. ताई, ह्या माणसाने आजपर्यंत माझ्याकडे कशासाठीही असं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, स्टोव्हच. माझ्या घरी." रामू सगळं ऐकत होता. मी बोलले आणि त्याने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीण बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. स्वच्छ होते. तरी त्यांनी तसंच लिहून घेतलं.

त्यानंतर घरात आम्ही दोघं शहाण्यासारखे वागलो. जेवायला काय, गॅस संपत आलाय, असंच बोलणं. मला रात्री झोपताना वाटायचं, उद्या आणखी कोणी भाजलं तर मला परत बोलावतील, आणि मी परत स्टोव्ह म्हणेन. एकदा बोलले म्हणजे पुढचं सोपं जातं. मला त्या सोपेपणाची भीती वाटली. धुराचीही होती. खोकल्याचीही. पण ह्या भीतीने मला उठवलं.

बुधवारी मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. प्रदूषणवाल्यांच्या कचेरीत गेले. जागा सांगितली, टाकी सांगितली, मागून कसं जायचं, फळ्यांखाली काय आहे, सगळं सांगितलं. तिथल्या साहेबांनी नाव गुप्त ठेवू म्हटलं. मग विचारलं, "आत तुमच्या घरचं कोणी कामाला आहे का?"

मी नाही म्हटलं.

ताई, तक्रार मी केली आहे. भावोजींनी नाही. ह्यांना धरून नेतील हे मला ठाऊक होतं, तरी केली. पश्चात्ताप होतोय असं लिहिलं तर तुम्हांला बरं वाटेल, पण ते खरं नाही. शेड परत उघडली तर मी परत जाईन. रुतून बसलंय ते वेगळंच. हे मोऱ्याला भावोजींकडे निघाले तेव्हा शर्ट घालताना म्हणाले, "महादेवला इचारून येतो." मी भाकऱ्या थापत होते. एका वाक्याने थांबवता आलं असतं. मी तव्यावरची भाकरी उलटली. ते गेट ओढून गेले, आणि त्या आवाजावर मी दुसरी थापायला घेतली. तिकडे धक्क्यावर तुमच्या नवऱ्याची अब्रू जात होती.

मागच्या पत्रात मी तुम्हांलाच विचारलं की कुणाजवळ बोललात का. ते विचारणं कसं होतं ते तुम्हांला तेव्हाच कळलं असेल. तुमच्या हातून काहीतरी कबुली मिळाली असती तर माझं ओझं तुमच्या दारात ठेवता आलं असतं.

तुम्ही हे पत्र आनंदाकाकांना दाखवाल, असंही मनात येतं. ते तुमचे सख्खे काका, मी बाहेरून आलेली. दाखवाल असं वाटत असूनही पाठवतेय. आणखी एक भीती आहे. केतनशेठचा ह्यांना फोन येऊ लागलाय. घाटाच्या पायथ्याशी कुठेतरी नवी शेड टाकतोय. हे फोन घेऊन अंगणात जातात आणि हळू बोलतात. मला वाटतं, जातील.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. तोवर थांबा एवढीच विनंती. जास्त दिवस नाही थांबवणार.

मनिषा


तळोजा, ता. पनवेल
६ फेब्रुवारी २०२५

ति. गोदूताई,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण आनंदाकाकांनाही काही कळलं नाही, म्हणजे पत्र तुमच्याकडेच राहिलं. त्याबद्दल पाया पडते.

ह्यांना सांगितलं. कसं झालं ते लिहिते, कारण त्यातलं निम्मं तुमचं आहे.

रविवारी सकाळी हे आपण होऊन म्हणाले, "जागूला मामाची पिवली साडी घ्याला पायजे. आपन जाऊ नाय जाऊ, साडी जाईल." पनवेलला गेलो. हेतलबेननी दुकान उघडून साड्या दाखवल्या. ह्यांनी स्वतः काठ बोटांनी चाचपून बघितले, दोन नाकारल्या आणि तिसरी घेतली. बोटांच्या भेगांत अजून काळं आहे, ते काठाला लागू नये म्हणून हात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होते. मग वडाळे तलावाच्या कठड्यावर बसलो. समोर लोक पोरांना फिरवत होते. साडीची पिशवी आमच्या मध्ये होती.

मी म्हटलं, "तक्रार मी केली."

हे पाण्याकडेच बघत राहिले. म्हणाले, "मना ठाव हाय."

मला वाटलं, तुम्ही कळवलंत. रागाने अंग तापलं माझं. तेवढ्यात म्हणाले, "फल्या उचलल्या तवाच कललं. मागशी तुज्याशिवाय कोन आलं व्हतं?"

"मग मोऱ्याला कशाला गेलात?"

मग जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत सांगू शकत नाही, तुटक तुटक बोलत होते. आनंदाकाकांची सून त्या बुधवारी आमच्या दुकानात साडी घ्यायला आली होती. मी रजा घेऊन डॉक्टरकडे गेलेय हे तिने घरी जाऊन सांगितलं. शेडला सील लागल्यावर काकांनी ते जोडून बघायला सुरुवात केली. एकदा ह्यांना रस्त्यात थांबवून विचारलं, तुझी बायको त्या दिवशी कुठल्या डॉक्टरकडे गेली होती? तुम्ही विचारलंत तेच, ताई. ह्यांनी सांगितलं, ती माझ्याबरोबर होती. आणि दुसऱ्या दिवशी मोऱ्याला आले.

म्हणाले, "कोनाचा तरी नाव द्याला पायजे व्हता. भावोजी बोललाच व्हता पंगतीत. मोरा लांब हाय, तितं त्याला कोन हात लावनार? तुजं नाव घेतला असता तर तुला ह्या गावात रहायचं व्हतं."

"आणि ताईंना?"

"ताई माजी हाय. ती माफ करील असा वाटला."

मी म्हटलं, नाही केलं तर? त्यांनी साडीची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

माझा फोन का बघायचे तेही तेव्हा कळलं. त्या कचेरीतून मला फोन यायचे. मी कामात असले की घेता यायचे नाहीत, आणि नंतर बघितलं तर दिसायचेही नाहीत. ते हे पुसून टाकत होते, दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. मी मात्र इतके दिवस वेगळंच धरून बसले होते. एकाच ताटलीतली चटणी आम्ही दोघं खात होतो, आणि दोघांनाही सगळं ठाऊक होतं.

माझ्यासाठी केलं हे ऐकून मला बरं वाटलं का? थोडं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. मग लगेच भावोजी डोळ्यांसमोर आले, लाँचमधून उतरलेल्या माणसांच्या गर्दीत, काय केलं तेच न कळलेले. मी म्हटलं, "तुम्हांला माहीत असून तुम्ही त्यांना शिव्या दिल्या. मी गप्प राहिले, तुम्ही तर बोलून आलात." हे म्हणाले, "व्हय."

ताई, तुमचा भाऊ फसला होता असं मी तुम्हांला सांगू शकले असते. सांगायचा मोह झाला. तो चिडला, त्याची समजूत चुकली, असं लिहिलं असतं तर तुम्हांला माफ करायला सोपं गेलं असतं. पण तो फसला नव्हता. त्याने बायको आणि बहीण ह्यांच्यात निवड केली, आणि बहिणीला विचारलं नाही. हे तुम्हांला माझ्याकडून कळलेलं बरं.

तिथून आम्ही घरी आलो. हे साडी ठेवायलाही आत आले नाहीत, तसेच आनंदाकाकांच्या ओटीवर गेले. मी मागे मागे गेले. ओटीवर चारपाच माणसं होती. ह्यांनी उभ्यानेच सांगितलं, "महादेवनं काय केला नाय. आमच्या घरशी तकरार गेली. मना ठाव व्हतं." काका उठतील, धरतील, असं मला वाटलं. ते उठले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुज्या हातचं मी जेवलोय, सूनबाय." आणि तोंड फिरवून बसले. त्यांनी मारलं असतं तर मला काही वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर भुकटीची गोणी कुणीतरी ओतून ठेवलेली. झाडली तेवढी ती फरशीच्या फटींत आणखी गेली. नळावर बायका बाजूला होतात. एकीने मात्र स्वतःची कळशी ओढून घेतली आणि माझा हंडा आधी लावू दिला. कुणी ते मी लिहीत नाही.

शेड बंद झाली म्हणून मी काय मिळवलं, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. खाजणाचं पाणी अजून तेलकट आहे. केतनशेठची नवी शेड सुरू झाली. रामू तिथे गेला. मी हॉस्पिटलमध्ये त्याला भेटायला गेले होते तेव्हाच त्याने विचारलं होतं, आता काम कुठे मिळेल? मी स्टोव्ह म्हटलं त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. हात अजून सरळ होत नाहीत, तरी गेला. हे त्याला परत आणायला दोनदा जाऊन आले. खरंच त्याला आणायला जातात की स्वतःसाठी जागा बघायला, ते मला सांगता येत नाही. केतनशेठला ह्यांनी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. विश्वास ठेवायचं ठरवलंय. ठरवावा लागतो, आपोआप बसत नाही.

आता कामाचं. हळदीच्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या एसटीने येतो. आधी तुमच्या घरी येणार नाही. हे मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन उभे राहणार आहेत, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून लाँच येऊन लागते तेव्हा, म्हणजे तेव्हासारखीच माणसं असतील. भावोजींना तिथे येऊ दे. त्यांच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे माहीत असून बोललो, एवढं हे सगळ्यांसमोर सांगतील. त्यांची जीभ अडली तर मी सांगेन. भावोजींना यायचं नसेल तर तेही बरोबरच आहे. हे माणसांना सांगून परत फिरतील.

माझं मागचं पत्र आणि हे, दोन्ही भावोजींना वाचून दाखवा. कचेरीत मी नाही म्हटलं तेही गाळू नका. जागृतीला नंतर सांगा, लग्न होऊन जाऊ दे.

धवलारीण मामाचं नाव घेऊन गायला लागेल तेव्हा मामाला मांडवात उभं करायचं की गाण्यातच ठेवायचं, ते तुमच्या हातात आहे. तुम्ही नाही म्हणालात तर साडी दारात देऊन आम्ही निघू. कुणाकडे तोंड वाकडं करणार नाही, आणि परत विचारणारही नाही.

तुम्ही मला वैनी म्हणत होतात. पुढे म्हणाल की नाही ते तुम्ही ठरवा. मी खाली पूर्ण नाव लिहिते, म्हणजे कुणाला दाखवायचं झालं तर नाव कुणाचं, असा प्रश्न पडणार नाही.

मनिषा धर्मराज घरत